माहेर पोलादपूर

दूध उतू गेलं तेव्हा नाना शेगडीसमोरच उभे होते. नजर दुधावर नव्हती, हातातल्या मोबाइलवर होती. आमोदनं सकाळीच जबाबाचा मसुदा पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘नाना, एकदा वाचून ठेवा, म्हणजे तिथे अडखळायला होणार नाही.’ मसुदा छोटासाच. ‘सदर महिला ही माझी मुलगी नाही. तिचे व माझे रक्ताचे, दत्तक अथवा अन्य कोणतेही नाते नाही. वयोमानामुळे माझ्याकडून पूर्वी चुकीची माहिती सांगण्यात आली.’ पातेल्यातून दूध शेगडीवर, शेगडीवरून ओट्यावर आणि तिथून त्यांच्या पायाशी आलं, तेव्हा कुठे त्यांनी बटण फिरवलं. करपलेल्या दुधाचा वास घरभर झाला. त्यांची विनोदिनी असती तर म्हणाली असती, समोर उभं राहून दूध उतू घालवायचं म्हणजे त्यालाही अक्कल लागते. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं, पण तिची बोलणी अजून वेळेवर येतात. त्यांनी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले, आणि पुसता पुसता ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. तोंडानं म्हणवलं नाही.

नाना म्हणजे यज्ञेश्वर, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नव्हतं. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. खिडकीतल्या माइकवरून गाड्या पुकारायच्या. कुठून आली, कुठे जाणार, कुठल्या फलाटाला लागली. सदर गाडी महाबळेश्वरमार्गे वाईला जाईल. सदर हा शब्द त्यांच्या रोजच्या वापरातला. गाडीला तो शोभतो. माणसाला सदर म्हटलं की ते कितीही ओळखीचं असलं तरी जरा मागे सरून उभं राहतं, हे त्यांना आज कळत होतं. सदर महिला म्हणजे मैथिली. महाडच्या डॉक्टर आमोदची बायको, अंकिताची आई, आणि पोलादपूरच्या या दोन खोल्यांच्या घराची माहेरवाशीण. पासपोर्टवर तिचं नाव अलेस्या आहे आणि गाव वितेब्स्क. बेलारूस नावाचा देश नानांनी तिच्यामुळे नकाशात शोधला. आमोद तिथे डॉक्टरी शिकायला गेला आणि येताना हिला घेऊन आला. सासूबाईंनी, म्हणजे वैदेहीनं, तांदळात अंगठीनं मैथिली असं नाव काढलं आणि त्या दिवसापासून महाडच्या त्या आळीत अलेस्या कुणालाच ठाऊक नाही.

सगळा घोटाळा तिथूनच झाला, असं आमोद म्हणतो. नाना मनातल्या मनात म्हणतात, घोटाळा नव्हे, झालं ते सगळं रीतसरच झालं. भारतीय माणसाची बायको म्हणून मैथिलीनं नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्याआधीची सगळी वर्षं ती राहण्याची मुदत वाढवून घेत राहत होती, दर खेपेला अलिबागची वारी आणि दर खेपेला तेच प्रश्न. अर्ज गेल्यावर पोलिसांची चौकशी आली, ती यायचीच होती. राजश्री नावाची हवालदारीण आळीत विचारत फिरली, की ही बाई कशी आहे, कुठली आहे. अलेस्या म्हटल्यावर कुणी ओळखेना. डॉक्टरांची बायको म्हटल्यावर कोपऱ्यावर भाजी विकणारी ठमाबाई म्हणाली, “डाक्टरीणबाय ना? ती पोलादपूरची हाय. म्हायेर तितंच तिचं. बापूस एस्टीत व्हता.” शेजारच्या दोघी-तिघींनीही तेच सांगितलं. कुणी खोटं बोललं नाही. त्यांनी तिला दर दिवाळीला पोलादपूरला जाताना पाहिलं होतं, बाळंतपणाला पोलादपूरला जाताना पाहिलं होतं, आणि येताना भरल्या ओटीनं उतरताना पाहिलं होतं. यापेक्षा माहेर आणखी काय असतं, हे त्यांना कुणी विचारलंही नाही. राजश्री मग एसटीत बसून पोलादपूरला आली आणि नानांच्या दारात उभी राहिली.

तिला नानांनी चहा केला, हे त्यांना स्वच्छ आठवतं. आलं किसून घातलं होतं. वर्दीतली बाई घरात आली की माणसं दबकतात, तसे ते दबकले नाहीत, उलट त्यांना आतून बरं वाटलं. विनोदिनी गेल्यापासून घरात कुणी समोर बसून मैथिलीची चौकशी केली नव्हती. मुलगी तुमचीच का, असं तिनं विचारलं. त्यावर नानांनी क्षणभर थांबायला हवं होतं, आणि ते थांबले नाहीत. त्यांच्या डोक्यात सरळ हिशेब होता, की या मुलीला इथे बाप आहे, घर आहे, कुणी पाठीशी आहे असं सरकारला कळलं तर तिचं पारडं जडच होईल. माहेर भक्कम असलं की सासरी मान राहतो, तसंच सरकारदरबारी असेल असं त्यांनी धरलं. “मुलगी माझीच,” ते म्हणाले, आणि वर हसून विनोदिनीच्या फोटोकडे बोट केलं. राजश्रीनं लिहून घेतलं. जाताना ती पाया पडून गेली. अर्जात वडिलांच्या नावापुढे वितेब्स्कच्या ट्राम चालवणाऱ्या एका गृहस्थाचं नाव होतं, आणि चौकशीच्या अहवालात वडील म्हणून पोलादपूरचे यज्ञेश्वर. एका बाईला दोन बाप झाले, आणि वरच्या कार्यालयातून विचारणा आली, की यातली कोणती माहिती खोटी.

खोटी माहिती दिल्याचा शेरा बसला तर अर्ज निकालात निघतो, आणि मग पुढची मुदत वाढेलच याची हमी कुणी देत नाही. नाही वाढली तर काय, असं नानांनी फोनवर विचारलं होतं. आमोदनं आधी दवाखान्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, “तर तिला जावं लागेल, नाना. अंकिता इथली आहे, मी इथला आहे. ती नाही.” वकिलानं सांगितलं होतं, सोपा उपाय आहे, ज्यांनी चुकीचं सांगितलं त्यांनीच येऊन दुरुस्त करायचं. नानांनी हळूच विचारून पाहिलं, की मानलेली मुलगी असं लिहिलं तर. वकील नको म्हणाला. मानलेली म्हटलं की कधीपासून मानली, काय विधी केला, दत्तक घेतली का, सज्ञान मुलगी दत्तक घेता येते का, अशी शेपटं फुटत जातात. नाही म्हणजे नाही, तेवढंच लिहा. नानांना ते पटलं होतं. पटणं आणि घशाखाली उतरणं यांत मात्र अंतर असतं.

कारण विधी झाला होता. याच खोलीत, त्या भिंतीला पाट लावून. मैथिलीची आई लहानपणीच गेलेली, वडिलांचा दुसरा संसार, लग्नाला तिकडून कुणी येणार नव्हतं. गुरुजी म्हणाले, मुलीला गोत्र हवं, कन्यादान करणारं कुणी हवं. वैदेही आणि विनोदिनी शाळेपासूनच्या मैत्रिणी. वैदेहीनं शब्द टाकला आणि विनोदिनीनं नानांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते नाना आजही सांगू शकले नसते. पोटी मूल नाही याबद्दल ती दोघं फार पूर्वीच बोलायची थांबली होती. हातावर पाणी सोडायला आपल्याकडे कधी कुणी नसणार, हे त्यांनी गृहीत धरून टाकलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी आधी तिला यांच्या गोत्रात घेतलं. म्हणाले, मांडीवर घ्या. ती चांगली उंच, जाणती मुलगी, नाना संकोचून घामाघूम. ती त्यांच्या मांडीवर टेकली खरी, पण सगळा भार तिनं स्वतःच्या पायांवर पेलून धरला होता. तिच्या पोटऱ्या थरथरताना त्यांना कळत होत्या. मग गुरुजी म्हणाले, आता मुलीचं मस्तक हुंगा. बाप जन्मलेल्या लेकराचं हुंगतो तसं. नानांनी वाकून तिच्या केसांचा वास घेतला. कुठल्याशा परक्या साबणाचा वास होता, आणि त्याखाली माणसाच्या डोक्याचा साधा, उबदार वास. पलीकडे विनोदिनी पदर तोंडात धरून रडत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं कन्यादान केलं. काल आलेली लेक आज दिली. लोक हसून म्हणाले, नाना, तुमची मुलगी एका रात्रीची पाहुणी. नानाही हसले होते.

त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा काढायला कपाट उघडलं, आणि हात विनोदिनीच्या कप्प्यात गेला. खालच्या बाजूला तिनं जमवून ठेवलेले खण होते, हिरवे, जांभळे, काठाचे. कुणी सवाष्ण दारातून रिकामी जाऊ नये म्हणून ठेवलेले. नाना उभ्या उभ्या ते पाहत राहिले. वर्षभरात मैथिली चार वेळा येऊन गेली असेल. दर वेळी निघताना उंबऱ्यापाशी दोघंही घुटमळायची. पूर्वी त्या क्षणी विनोदिनी आतून ओरडायची, थांब गो, ओटी भरते. आता आतून कुणी ओरडत नाही. पुरुषानं ओटी भरायची नसते, तेव्हा नाना म्हणायचे, सावकाश जा. आणि ती म्हणायची, हो. आई गेली की माहेर गेलं असं बायका म्हणतात, ते त्यांना आजवर बायकांचं बोलणं वाटत होतं. त्यांनी एक हिरवा खण काढला. देवापुढचा नारळ घेतला, डब्यातले ओंजळभर तांदूळ कागदात बांधले, हळदीकुंकवाची कोयरी घेतली, सगळं कापडी पिशवीत घातलं. काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. जमलं तर ठमाबाईला सांगू, तेवढंच डोक्यात होतं. आज ज्या कामाला चाललोय त्या कामाला तिच्यासमोर मोकळ्या हातांनी जायचं नाही, एवढंच.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर ऊन रणरणत होतं, चौपदरी रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेले, लाल माती उघडी. या रस्त्यानं ते एकदा पायी गेले होते. महापुराच्या वर्षी. महाड बुडालं, फोन बंद, वीज नाही, कुणी म्हणे तळीयेवर डोंगर आला, कुणी म्हणे आणखी कुठे. गाड्या बंद होत्या आणि गाड्या बंद असल्या की नानांना आपले हातपायच बंद झाल्यासारखे वाटायचे. पाणी ओसरायला लागल्याचं कळलं तसे ते काठी घेऊन निघाले. विनोदिनीनं भाकरी बांधून दिली. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, काका, कुठं चाललात असल्या दिवसांत. नाना सांगायचे, मुलगी आहे महाडात. कितीदा सांगितलं असेल, गणती नाही. एका टेम्पोवाल्यानं तेवढ्यावर त्यांना बसवून घेतलं आणि बिरवाडी फाट्याच्या पुढे सोडलं. घराच्या दारात मैथिली गुडघाभर चिखलात उभी राहून लोखंडी घमेल्यानं चिखल उपसत होती. केस, भुवया, सगळी चिखलानं माखलेली, ओळखू येईना. तोवर ती त्यांना आमोदसारखी नाना म्हणायची. त्या दिवशी मान वर करून म्हणाली, “बाबा, चपला काढू नका. आत काचा आहेत.” आणि पुन्हा चिखल उपसायला लागली. नाना तिथे उंबऱ्यात बसले आणि त्यांना रडू आलं. ती सुखरूप दिसल्याच्या आनंदानं आलं असं त्यांनी नंतर विनोदिनीला सांगितलं; ते खरं नव्हतं. ते बाबा या शब्दानं आलं होतं.

बिरवाडी फाटा आला, कारखान्यांकडून येणारा उग्र वास खिडकीतून आत शिरला आणि नानांना एकदम एक गोष्ट लक्षात आली. इतक्या दिवसांत ती लक्षात कशी आली नाही याचं त्यांना नवल वाटलं. मैथिली यज्ञेश्वरांची मुलगी आहे असं लिहिलेला जगात एकच कागद आहे, आणि तो म्हणजे राजश्रीचा तो अहवाल. लग्नाच्या दाखल्यावर ते नाही. अंकिताच्या जन्माच्या नोंदीत आजोळ कुणी लिहीत नाही. गुरुजींनी केलं त्याचा कागद नाही, पाणी सोडलं ते जमिनीत गेलं. चुकून का होईना, शासनाच्या एका फाइलीत, शिक्क्यासकट, ती त्यांची मुलगी होती. आणि तो कागद खोडायला ते स्वतः, इस्त्रीचा सदरा घालून, गाडीत बसून निघाले होते. नानांनी समोरच्या सीटची दांडी धरली. कंडक्टरला सांगावं, गाडी थांबव, बरं वाटत नाही, इथेच उतरतो. दोन दिवस आजारी पडावं. म्हाताऱ्याला आजारी पडायला कारण लागत नाही. हा विचार त्यांनी बराच वेळ मनात राहू दिला. तो वाईट आहे हे कळूनही राहू दिला. गाडी महाडच्या स्टँडात शिरली तेव्हा फलाटावर मैथिली उभी दिसली, निळा पंजाबी ड्रेस, ओढणी खांद्यावरून घट्ट घेतलेली, आणि गाडीच्या प्रत्येक खिडकीतून त्यांना शोधत होती. खिडक्या शोधणारी माणसं नानांनी जन्मभर पाहिली होती. त्या रांगेत कुणी आपल्याला शोधतं आहे, हे फार थोड्या वेळा.

आमोद दवाखान्यातून परस्पर ठाण्यावर येणार होता. मैथिली कार घेऊन आली होती. गाडीत ती समोर रस्त्याकडे बघतच बोलली. विनोदिनीनं शिकवलेलं मराठी, स्वच्छ, फक्त हेल थोडा सपाट. “तुम्हाला नको असेल तर सही नका करू, बाबा. काहीतरी दुसरं बघू.” नानांना ठाऊक होतं की दुसरं काही नाही, आणि तिलाही ठाऊक होतं. त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग ती म्हणाली, “मी पण लिहून दिलंय. इकडचं नागरिकत्व मिळालं की तिकडचं सोडीन म्हणून. सही करताना हात नीट चालेना.” नानांनी विचारलं, तिकडे वडिलांना सांगितलंस का. तिनं सांगितलं होतं. ते काय म्हणाले, हे विचारायला नानांना धीर होईना, तेव्हा तिनंच सांगितलं. ते म्हणाले होते, कागदच आहे. आणि मग फोनवर बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. नानांना तो कधी न पाहिलेला ट्रामचा ड्रायव्हर एकदम जवळचा वाटला. तोही वाहतुकीतलाच माणूस. त्याच्या लेकीला त्यांनी हुंगून आपली केली होती, आणि त्याची परवानगी कुणी मागितली नव्हती. तिकडे तो एका खोलीत बसला असेल, इकडे आपण. मधल्या काही दिवसांत ही मुलगी कुणाचीच नसेल, ना त्याच्या देशाची, ना या देशाची, ना त्याची, ना आपली. नानांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ती गाडी चालवत होती म्हणून ठेवला नाही.

राजश्रीनं त्यांना ओळखलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. आमोद आधीच येऊन कोपऱ्यात उभा होता, सारखा घड्याळाकडे बघत, कारण हा कागद आजच अलिबागला पोचवायचा होता. राजश्रीनं मसुद्यावरून जबाब टाइप केलेला होता. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, तसा नियमच असतो. तिचा आवाज चांगला खणखणीत होता, स्टँडवर शोभला असता असं नानांना उगीचच वाटलं. सदर महिला ही माझी मुलगी नाही. मैथिली बाकाच्या टोकाला बसली होती, तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. शेवटच्या वाक्यापाशी राजश्री थांबली. म्हणाली, “काका, हे वयोमानाचं नको. तुम्ही त्या दिवशी सगळं तारखांसकट सांगितलंत मला. आपुलकीनं मुलगी म्हणालो, असं लिहू या ना. खरं तेच आहे.” आमोदनं वकिलाचं नाव काढलं, पण राजश्री त्याच्याकडे बघत नव्हती. नानांकडे बघत होती.

आपुलकीनं. तो शब्द कागदावर आला असता तर काय झालं असतं, हे नानांना क्षणभर दिसलं. एक कागद राहिला असता. मुलगी नाही, पण आपुलकी आहे, असं कुठेतरी लिहिलेलं राहिलं असतं. मग त्यांना वरचं ते कार्यालय दिसलं, ते कधी पाहिलं नव्हतं तरी दिसलं. टेबलामागे कुणी तरुण अधिकारी, समोर ढीग, आणि आपुलकी या शब्दापाशी त्याची पेन्सिल थांबलेली. आपुलकी म्हणजे काय? कधीपासून? कशी? पुन्हा विचारणा, पुन्हा चौकशी, पुन्हा मुदत. त्यांच्या स्वतःच्या बुद्धीबद्दल त्यांना थोडा अभिमान होता. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही गाडी चुकीची पुकारली नव्हती, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. तोच अभिमान आता पणाला लावायचा होता. “राहू द्या,” ते म्हणाले. “वयोमानच ठेवा. वरती आपुलकी वाचणारं कुणी नसतं.” राजश्री आणखी काही म्हणणार होती, पण त्यांनी हात पुढे करून कागद ओढून घेतला आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, य ची शेपटी लांब. त्याचाच त्यांना राग आला.

मैथिली उठून त्यांच्यासमोर आली आणि खाली, फरशीवर, त्यांच्या खुर्चीपाशी बसली आणि तिनं डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकवलं. विनोदिनी गेली त्या दिवशीही ती अशीच बसली होती. लग्न झालेल्या लेकीचं तीन दिवसांचं सुतक पाळायला राहिली होती तेव्हा. आता तिचा सगळा भार त्यांच्या गुडघ्यावर होता. दुखऱ्या गुडघ्यावर, उजव्या. नाना हलले नाहीत. केसांना आता तो परका वास नव्हता, खोबरेल तेलाचा होता. आमोद दाराकडे गेला आणि बाहेर बघत उभा राहिला, नंतर हळू आवाजात म्हणाला, की आता निघायला हवं, ऑफिस बंद होईल.

घरी जायला वेळ नव्हता. म्हणजे ठमाबाईचा प्रश्नच मिटला. कागद फाइलीत गेला, आमोदनं गाडी चालू केली, आणि नाना ठाण्याच्या व्हरांड्यात पिशवी धरून उभे राहिले. स्टँड जवळच आहे, मी जाईन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मैथिली निघाली, आणि पायरीपाशी नेहमीसारखी घुटमळली. सावकाश जा, हे शब्द नानांच्या तोंडाशी आले. ते गिळून ते वळले आणि आत जाऊन राजश्रीच्या टेबलापाशी उभे राहिले. पिशवीतून नारळ काढून त्यांनी तो टेबलावर, कागदांच्या बाजूला ठेवला. मग खण. मग तांदळाची पुडी आणि कोयरी. ते म्हणाले, बाई, घरात आता बायकोमाणूस नाही. माझ्या हातून भरता येत नाही. एवढंच म्हणाले. आत्ता ज्यांनी लिहून दिलं की या बाईचं नि माझं काही नातं नाही, तेच गृहस्थ समोर नारळ घेऊन उभे आहेत, हे राजश्रीला दिसत होतं आणि तिला ते दिसतंय हे नानांनाही दिसत होतं. जबाबाची तिच्याकडची प्रत अजून टेबलावर होती, शाई वाळायची होती. ती म्हणू शकली असती, काका, हे काय.

तिनं टोपी काढून बाजूला ठेवली. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन हात धुतले, आणि वर्दीच्या गळ्यातून मंगळसूत्र बाहेर काढून नीट केलं. “वर्दीत चालतं का हो, काका?” तिनं विचारलं. नानांना माहीत नव्हतं. चालत असेल, ते म्हणाले. व्हरांड्यात तिनं मैथिलीला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, कुंकू लावलं, आणि मैथिलीनं ओढणीचं टोक पसरलं तसं त्यात नारळ, खण आणि ओंजळीनं तांदूळ घातले. आत बसलेला एक शिपाई बघत होता, त्याच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. “नीट धर,” ती म्हणाली. “पोलादपूरची ओटी हाय.” मैथिलीनं ओढणी पोटाशी धरली. मग विनोदिनीनं शिकवलं होतं तसं, ओटीतले थोडे तांदूळ तिनं चिमटीत परत घेतले. ओटी भरणारीला चार दाणे परत द्यायचे असतात, माहेरचा डबा रिकामा पडू नये म्हणून. राजश्रीनं हात पुढे केला नाही. तिनं नानांकडे मान वळवली. मैथिलीनं नानांचा उजवा हात धरला, तळव्यावर ते दाणे ठेवले आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. ती गाडीत बसली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती मागे बघत होती. नाना हात वर करू शकले नाहीत, कारण तो मिटलेला होता.

परतीच्या गाडीत चंदू कंडक्टर होता. नानांच्या हाताखाली तो नवा असताना पोलादपूरलाच होता. त्यानं त्यांना पुढची सीट करून दिली. नानांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातला पास काढायचा प्रयत्न केला, पण खिसा डावीकडे, हात डावाच, जमेना. उजवी मूठ त्यांनी मांडीवर तशीच ठेवली होती. घामानं दाणे तळव्याला चिकटले होते आणि ते एकेक निराळे कळत होते. चंदू म्हणाला, राहू द्या नाना, पास बघायला मी काय तुम्हाला वळखत नाय का. मग यंत्र काखेत धरून तो थोडा वाकला, कारण गाडीचा आवाज मोठा होता. “येवढ्या उन्हाचं कुठं गेल्तात?”

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. बिरवाडी फाटा मागे पडत होता. त्यांना वाटलं होतं की या प्रश्नाला आता ते अडखळतील, पण ते अडखळले नाहीत.

“मुलीकडे,” ते म्हणाले.

चंदूनं मान डोलावली आणि पुढच्या सीटकडे वळला. त्याला त्यात लिहून घेण्यासारखं काही वाटलं नाही.